आजार गेला, झोप परतली नाही

प्रश्न : माझ्या पत्नीचे (वय 54) स्तनाच्या कर्करोगाचे उपचार दीड वर्षापूर्वी संपले. आता फक्त लेट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) चालू आहे. रात्री साडेनऊला अंथरुणावर पडते, पण बारापर्यंत टक्क जागी असते. नंतरही मध्येमध्ये जाग येते. साडेसहाला उठते. झोप जेमतेम साडेपाच तास. दुपारी थकून पडून राहते. झोपेच्या गोळीशिवाय उपाय आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आहे. सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलणारा वर्तन-उपचार. जुनाट निद्रानाशावर आधी हाच द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये केली.

केमो, स्टेरॉइड, दुखणं यांनी झोप मोडते. ती कारणं पुढे सरतात. पण थकव्यापायी लागलेली लवकर आडवं होण्याची सवय राहते. तुमच्या पत्नी नऊ तास अंथरुणात असतात आणि झोपतात साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळाच्या 61 टक्केच झोप. उरलेला वेळ तळमळण्यात जातो आणि अंथरूण म्हणजे जागरण हेच अंगवळणी पडतं.

आधी दोन आठवडे झोपेची नोंद ठेवा, रोज सकाळी, अंदाजाने. रात्री घड्याळ बघू नये. मग अंथरुणातला वेळ सहा तासांवर आणा : साडेअकरा ते साडेपाच. उठण्याची वेळ रविवारीही तीच. वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावं आणि डोळे जड झाल्यावरच परतावं. झोपेच्या या टक्केवारीची आठवड्याची सरासरी 85 टक्क्यांवर गेली की अंथरुणातला वेळ 15 मिनिटं वाढवा. पाच तासांच्या खाली कधीही जाऊ नका.

पहिले दोन आठवडे जड जातात. दिवसा पेंग येते, तेव्हा गाडी चालवू नये. काही जण इथेच सोडून देतात, किंवा दुपारी तासभर झोपून रात्रीची झोपेची भूक मारतात. थकवा असह्य असेल तर तीनच्या आत वीस मिनिटं, गजर लावून. संध्याकाळी चालणं मात्र चुकवू नये.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. जोरात घोरणं, फिट्स किंवा बायपोलर आजार असेल तर झोपेचे तास असे कापायचे नसतात. लेट्रोझोलने अंगातून गरम वाफा येतात, सांधेही दुखतात. त्याने जाग येत असेल तर त्यावर वेगळा इलाज आहे, पण गोळी मनाने बंद करू नये. झोपेची गोळी चालू असेल तर तीही एकदम सोडू नका. तशी सोडली की काही रात्री झोप आणखी उडते आणि ‘गोळीशिवाय जमतच नाही’ हा समज घट्ट होतो. घडी बसली की डॉक्टर ती हळूहळू उतरवतील.