व्हॅन आयकचं कोकरू

प्रश्न : इटलीचा रेनेसाँस वाचून झाला, आता फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रांकडे वळायचंय. तिथल्या घेंट शहरातल्या वेदीचित्रात, म्हणजे चर्चच्या वेदीवरच्या चित्रात, ख्रिस्ताचं प्रतीक म्हणून जे कोकरू आहे त्याचा चेहरा प्रत्येक पुस्तकात वेगळा दिसतो. खरा कुठला?

उत्तर : माणसासारखे समोर रोखलेले डोळे असलेला. व्हॅन आयक बंधूंचं हे चित्र १४३२ सालचं. सोळाव्या शतकात त्यावर दुसऱ्यांनी रंग चढवला, तो थर अलीकडच्या सफाईत निघाला. तेव्हा छायाचित्र २०२०च्या आधीचं की नंतरचं, हे आधी बघा. ‘क्लोजर टू व्हॅन आयक’ या संकेतस्थळावर साधी आणि इन्फ्रारेड छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. इन्फ्रारेडमध्ये रंगाखालचं रेखाटन दिसतं. यान व्हॅन आयकच्या १४३४च्या आर्नोल्फिनी चित्रात (एक जोडपं आणि पायाशी कुत्रा) पुरुषाच्या उचललेल्या हाताची जागा बदललेली कळते. कुत्र्याखाली मात्र रेखाटनच नाही, म्हणजे तो रंगवताना मागाहून आला. कुत्रा म्हणजे निष्ठा, असं वहीत लिहून मोकळं होणाऱ्यांनी इथं जरा थांबावं.

ही चित्रं ओकच्या फळ्यांवर काढलेली आहेत. फळीतली वाढीची वर्तुळं मोजून झाड अमुक सालानंतर तोडलं, एवढंच कळतं. सुतार बाहेरचं कोवळं लाकूड तासून टाकत, शिवाय फळी काही काळ वाळवत. त्यामुळे ते साल चित्राचं समजू नका.