१०० वर्षांनंतरचं जंगल कॉम्प्युटर कसं काय सांगतो?

तुम्ही विचारलंय की पुढच्या आठवड्याचा पाऊस धड सांगता येत नाही मग १०० वर्षांनंतरचं जंगल कसं सांगणार. मी एम.एस्सी.ला वर्षभर हेच केलं म्हणून लिहितोय.

सुरुवात १९७२ची. पर्यावरणशास्त्रज्ञ डॅनियल बॉटकिन आणि दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलासाठी 'जाबोवा' नावाचं मॉडेल, म्हणजे जंगलाची वाढ हिशोबाने चालवून बघणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, बनवलं. १० बाय १० मीटरचा तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या एकेका झाडाचा हिशोब ठेवायचा, वरच्या झाडाने ऊन किती अडवलं, वर्षभरात उष्णता किती मिळाली, मातीत ओल किती, त्यावरून बुंधा किती वाढला. मोठं झाड पडलं की खाली ऊन येतं आणि दबलेली रोपं भराभर वर येतात. कुठलं झाड कधी मरेल हे कॉम्प्युटर जणू फासे टाकून ठरवतो, म्हणून असे पुष्कळ तुकडे चालवून सरासरी बघायची. अमुक एक झाड कधी पडेल ते कळत नाही पण कुठली जात वाढतेय, कुठली कमी होतेय ते कळतं.

गडबड होते ती झाड मरण्यात. एखाद्या जातीला किती उष्णता मानवते हा आकडा जुन्या मॉडेलांनी नकाशावरून घेतला, ती जात जिथे सापडायची थांबते तिथे वाढ शून्य धरली. मी मॉडेलमध्ये तापमान ३ अंश वाढवलं तर काही दशकांत शुगर मेपल (तिथलं एक मोठं झाड) साफ! मला तेव्हा खरंच धक्का बसला होता. पण खरं झाड असं मरत नाही हो, कितीतरी जाती आपल्या पट्ट्याबाहेर बागेत लावल्या तरी वर्षानुवर्षं जगतात. मोठी झाडं तग धरून राहतात, अडतं ते रोपांचं, म्हणजे जंगल वरून हिरवं दिसतं पण खाली पुढची पिढीच नसते, आणि मग एखादा मोठा दुष्काळ किंवा वणवा आला की बदल एकदम दिसतो.

म्हणून मला वाटतं मॉडेलइतकीच प्रत्यक्ष मोजणी महत्त्वाची. तामिळनाडूत मुदुमलैला बंगळुरूच्या आयआयएससीने (भारतीय विज्ञान संस्थेने) १९८८मध्ये ५० हेक्टरचा प्लॉट आखला, तिथे १ सेंटीमीटर जाडीपासूनच्या खोडांना नंबर देऊन कोण जगलं कोण मेलं याची नोंद ठेवतात. तिथल्या झाडांच्या मरण्यात वणवा, दुष्काळ आणि हत्ती या तिघांचाही हात असतो. जाबोवात हत्ती नव्हता, त्यामुळे आपल्याकडच्या जंगलाचं मॉडेल कुणी दाखवलं की मी आधी त्यात वणवा आणि जनावरं धरलीत का ते बघतो.