मिल्क बँकेचं दूध अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सुरक्षित असतं का? की शेजारणीचं चालेल?

तुमच्या वहिनींचं दूध अजून उतरलं नाही आणि शेजारच्या बाळंतीण ताई द्यायला तयार आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांचं मन मोठं आहे, पण एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या बाळाला ते दूध थेट देऊ नका. मिल्क बँकेत, म्हणजे दान केलेलं आईचं दूध तपासून साठवतात तिथे, दात्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसची तपासणी होते. औषधं, दारू, तंबाखू सगळं विचारतात. आपल्या निपाणी-चिकोडीकडे मिश्रीला कुणी व्यसन मानत नाही, पण तीही तंबाखूच, दात्या आईनं ती सांगायलाच हवी.

मग दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून झटकन गार करतात. एचआयव्हीसारखे विषाणू त्यात मरतात. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू मात्र तगू शकतात, म्हणून नंतर पुन्हा कल्चर करतात, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते तपासतात. जंतू वाढले तर अख्खा बॅच ओतून टाकतात. वाईट वाटतं, पण तेच बरोबर.

बाटलीवरचा बॅच नंबर बाळाच्या केसपेपरवर लिहिलाय ना, हे नर्सताईंना जरूर विचारा. पुढे काही दोष निघाला तर त्याच नंबरावरून उरलेल्या बाटल्या परत मागवता येतात आणि कोणत्या बाळाला दूध गेलं ते कळतं.

आणि कुणी दूध विकत असेल तर घेऊ नका. 2024 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं स्पष्ट सांगितलंय, आईच्या दुधाच्या विक्रीला परवानगी नाही. वहिनींना दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहायला सांगा. थेंबभर आलं तरी ते बाळाला द्यायला डॉक्टरांना विचारा.