बेनिडॉर्मला सणवार असतात का?

प्रश्न : ताई, नमस्कार. धाकटा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलाय. स्पेनमधल्या बेनिडॉर्म या समुद्रकाठच्या गावी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याला काम मिळतंय. मोबाइलवर पाहिलं तर नुसत्या उंच इमारती आणि वाळूत पहुडलेले पर्यटक. त्याची आई म्हणते, तिथं ना सण ना वार, ना शेजारपाजार. लेकरू राहील कसं? तुम्ही त्या भागात राहून आलात, म्हणून विचारतो. — एक वाचक, उदगीर

उत्तर : भाऊ, वहिनींना आधी हे सांगा की त्या इमारतींच्या पायथ्याशी जुनं गाव आहे आणि त्या गावाला स्वतःचा सण आहे. लेकीकडे जवळच्या आलिकांते शहरात राहत होते तेव्हा ट्रामनं मी तिथं जायची. दोन किनाऱ्यांच्या मधोमध एक खडक समुद्रात घुसलाय. त्याच्यावर निळ्या घुमटांचं चर्च आणि अरुंद गल्ल्या. तेच मूळ गाव.

१९५०च्या आधी हे कोळ्यांचं आणि खलाशांचं गाव होतं. वसंतात ट्यूना मासा भूमध्य समुद्रात शिरतो, तेव्हा त्याच्या वाटेत जाळ्यांचा चक्रव्यूह उभारायचा, ही इथल्या पुरुषांची खासियत. त्याला अल्मद्राबा म्हणतात. दूरदूरच्या किनाऱ्यांवर या जाळ्यांचे म्होरके म्हणून बेनिडॉर्मची माणसं बोलावली जायची. १९५०मध्ये पेद्रो सारागोसा नावाचे तरुण महापौर आले, १९५६मध्ये नगररचनेचा आराखडा झाला आणि गाव पर्यटनाकडे वळलं. आज तिथलं एक हॉटेल १८६ मीटर उंच आहे.

आता सणाचं. नोव्हेंबरात, पर्यटकांची मोठी गर्दी ओसरली की, ग्रामदेवतेचा उत्सव येतो. कथा अशी : मार्च १७४०मध्ये एक जहाज भरकटत किनाऱ्याजवळ आलं. आत माणूस नाही. प्लेगच्या भीतीनं ते जाळायचं ठरलं. आग विझल्यावर राखेत मेरीमातेची मूर्ती सापडली, जराही न जळलेली. तीच ग्रामदेवता झाली. दरवर्षी गावकरी हा प्रसंग वाळूवर करून दाखवतात आणि होडी खरोखर पेटवतात. मी ते जवळून पाहिलंय. ज्वाळांचा झोत अंगावर येतो, पुढं बसलेली पोरं मागं सरकतात, आणि मूर्ती वर उचलली की शेजारची म्हातारी डोळे पुसते. मग मिरवणूक, देवीला फुलं वाहणं, आतषबाजी. मित्रमंडळींचे गट असतात, त्यांना पेन्या म्हणतात. वर्षभर वर्गणी जमवायची आणि उत्सवात एकत्र जेवायचं. आपल्या गणेश मंडळासारखंच समजा. तुमच्या मुलाला कुणी सहकाऱ्यानं पेन्यात बोलावलं तर त्यानं नाही म्हणू नये. गावात शिरायची वाट तीच आहे.

जूनच्या २३ तारखेला सान हुआनची रात्र. त्या भागात किनाऱ्यावर शेकोट्या पेटतात आणि मध्यरात्री लोक लाटांवरून उड्या मारतात.

जेवणाच्या वेळा मात्र आपल्याहून वेगळ्या. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊच्या पुढं. म्हणजे स्वयंपाकघरातलं काम रात्री उशिरापर्यंत चालणार. भाताची चिंता नको. आरोस आ बांदा नावाचा कोळ्यांचा भात आहे : माशाच्या रश्श्यात शिजवायचा, मासा वेगळा वाढायचा. घरचं शाकाहारी वळण असेल तर मुलाला सांगा, नुसता भात दिसला तरी रस्सा कशाचा हे विचारून घ्यावं.

काम उन्हाळ्यापुरतंच असेल, असंही समजू नका. करार नीट वाचावाच; पण १९८५पासून स्पेनचं सरकार ज्येष्ठांना हंगामाबाहेर सवलतीत सहलींना पाठवतं. त्यामुळं हिवाळ्यातही तिथली बरीच हॉटेलं उघडी असतात आणि किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर सत्तरीच्या जोड्या हातात हात घालून फिरताना दिसतात.

पाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी लातूरची आहे, मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्याकडे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. बेनिडॉर्मनं तसे दिवस १९७८मध्ये पाहिलेत. ऐन हंगामात धरणं आटली आणि जहाजांनी पाणी आणावं लागलं. आलिकांतेला वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर, लातूरच्या निम्म्याहूनही कमी. पण त्यांनी एक व्यवस्था बसवली. १९७७मध्ये गावांचा पाणी-संघ स्थापन झाला होता. त्यातून शेतकऱ्यांशी करार झाले : टंचाईत धरणाचं स्वच्छ पाणी शेतकऱ्यांनी शहराला सोडायचं, त्या बदल्यात शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन त्यांच्या बागांना मिळायचं, वर मोबदलाही. संत्री-लिंबाच्या आणि लोकाट या पिवळ्या फळाच्या बागा त्यावर पोसल्या जातात. आपल्याकडं शहर आणि शेत पाण्यासाठी एकमेकांकडं डोळे वटारून बघतात. इतक्या कमी पावसात तिथं हे जमतं, तर आपल्याकडं का जमू नये, हा प्रश्न मी शाळेत भूगोल शिकवताना मुलांपुढं ठेवायची आणि आजही ठेवते. मुलगा गेला की सुट्टीच्या दिवशी त्यानं याच व्यवस्थेतलं ग्वादालेस्तचं धरण बघून यावं आणि तुम्हाला फोटो पाठवावेत.

प्रश्न : ताई, स्पेनमध्ये नववर्षाला द्राक्षं खातात म्हणे. आमची तीन एकर बाग आहे, म्हणून उत्सुकता. — एक वाचक, औसा

उत्तर : खातात. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातलं घड्याळ टीव्हीवर दाखवतात. प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष, अशी बारा. त्यातली बरीच द्राक्षं आलिकांते प्रांतातल्या विनालोपो खोऱ्यातून येतात. तिथले शेतकरी वेलीवरच्या घडाला कागदी पिशवी घालतात आणि किमान दोन महिने ती काढत नाहीत. किडीपासून आणि उन्हापासून घड वाचतो, हळूहळू पिकतो, आणि आलेदो जातीची काढणी थेट नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत लांबते. पिशवी घालायची ती घड लहान आणि हिरवा असतानाच, आणि एकेक घड हातानं. मजुरी बरीच लागते. तेव्हा करून बघायचंच असेल तर आधी एकाच ओळीवर करा आणि हिशेब लिहून ठेवा.