मोटार क्लबच्या नव्या चिटणिसास

पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

चिटणीस म्हणून निवड झाली त्याच संध्याकाळी तू मला विचारलंस, की रस्त्यावरची मदत आता विमा कंपनी देते, गाडीची कंपनीही देते, मग लोकांनी आपल्या क्लबची वर्गणी भरायची कशासाठी? फोनवर उत्तर द्यायला घेतलं आणि थांबलो. हा प्रश्न घाईत उरकण्यासारखा नाही.

आधी थोडा इतिहास. ब्रिटनमधली ऑटोमोबाईल असोसिएशन १९०५ मध्ये निघाली ती पोलिसांच्या वेगसापळ्यांतून सभासदांना वाचवण्यासाठी. संस्थेची सायकलवरची माणसं पुढच्या सापळ्याचा इशारा देत. १९१० मध्ये न्यायालयाने असा इशारा म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा ठरवला. मग एरवी सभासदाच्या गाडीला सलाम करायचा, पुढे सापळा असेल तर करायचा नाही, अशी युक्ती निघाली. पण याच संस्थेने देशभर रस्त्यांवर दिशादर्शक फलक लावले, आणि ते सभासद असो नसो, प्रत्येकाच्या उपयोगी पडले. आपल्याकडे मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन सुरू झाली. आपला क्लब त्या मानाने अगदी लहान. तरी सलामाची वाट धरायची की फलकाची, हे आपल्यालाही ठरवावं लागतं, आणि माझं मत फलकाच्या बाजूने आहे.

याचा अर्थ तुला पहिल्याच महिन्यात कळेल. कुणीतरी फोन करून म्हणेल, 'चलन आलंय, तुमची ओळख आहे ना, बघा जरा.' नाही म्हण. समोरचा कितीही जुना सभासद असला तरी नाही म्हण. मात्र त्याच सभासदाने सांगितलं, की चलनावरच्या फोटोतली गाडी माझी नाही, कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचलाय, तर त्याच्याबरोबर बसून वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवून दे आणि निकाल लागेपर्यंत पाठपुरावा कर. ओळखीने काम करून देणारा क्लब एकदा अशी ख्याती झाली, की उद्या रस्त्यासाठी भांडायला गेल्यावर तुझं कुणी ऐकणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे. विमा कंपनीचं कॉल सेंटर क्रेन पाठवतं, आणि ते चांगलंच आहे. पण खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता आधी पाण्याखाली जातो, हे दुसऱ्या शहरात बसून फोन घेणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? २५ जुलै २०२४ ची सकाळ आठव. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं आणि गाड्या बुडाल्या. अशा वेळी खरं नुकसान पुष्कळदा पाणी ओसरल्यानंतर होतं, कारण माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे किल्ली फिरवून बघतो. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्या पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडण्याची वेळ येते. वर विमा कंपनी म्हणू शकते, की हे नुकसान पुराने झालेलं नाही, तुम्ही गाडी सुरू केलीत म्हणून झालंय. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कवच घेतलेलं नसेल तर तो दावा बहुतेक वेळा अडतो.

म्हणून मे महिन्यातच प्रत्येक सभासदाला पॉलिसी उघडून हे कवच आहे का ते पाहायला लाव. विसर्गाची बातमी आली की नदीकाठच्या सभासदांना एकेक करून फोन जायला हवा, ग्रुपवर टाकलेला मेसेज रात्री कुणी वाचत नाही. आणि पाणी शिरलंच, तर काय करायचं ते त्यांना आधीच पाठ असू दे: किल्लीला हात लावायचा नाही, पाणी कुठवर चढलं त्याचे फोटो काढायचे, मेकॅनिककडून बॅटरीची तार सोडवायची, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी उचलूनच गॅरेजला न्यायची. एवढ्याने कितीतरी इंजिनं वाचतील. वर्गणी कशासाठी, याचं माझं उत्तर हेच आहे. क्लब म्हणजे या भागाची माहिती असलेली आणि सभासदाला नावाने ओळखणारी माणसं. पावसात ताम्हिणी घाटात गाडी अडली तर कोणता क्रेनवाला खरंच येतो, जुन्या गाडीचा भाग नाना पेठेत कुणाकडे मिळेल, ही यादी क्लबने जपायची आणि दरवर्षी फोन करून तपासायची.

आपले निम्मेअधिक सभासद साठी ओलांडलेले आहेत, हे विसरू नकोस. मुलं अमेरिकेत, आई-बाबा कोथरूडला, अशी घरं तुला ठायीठायी भेटतील. पंचावन्नीनंतर लायसन्सचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं, बरोबर नमुना १-अ मधलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. सत्तरीच्या माणसाला ती चाचणी अपमानासारखी वाटते, म्हणून मुदतीच्या तारखांची वही क्लबकडे हवी. एचएसआरपीच्या, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटीच्या वेळी काय झालं ते तू पाहिलंसच. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती पाटी सक्तीची झाली आणि बनावट संकेतस्थळांवर लोकांनी पैसे भरले. खरं संकेतस्थळ उघडून शेजारी बसणारं कुणी असतं, तर ते टळलं असतं.

याच माणसांपैकी एखाद्याची नजर मंदावलेली तुझ्या लक्षात येईल. त्याला रात्री गाडी चालवू नका हे सांगायचं काम घरचे टाळतात, डॉक्टरही टाळतात. तू सांग. चारचौघांत नको, घरी जाऊन सांग, आणि रात्रीच्या कार्यक्रमाला त्यांना कोण नेणार-आणणार ते ठरवूनच जा.

सहली, जुन्या गाड्यांची मिरवणूक, टी-शर्ट, हे सगळं हौसेने कर. त्याबद्दल मला जास्त सांगायचं नाही, तुम्हा तरुणांना ते आमच्याहून चांगलं जमतं. फक्त प्रत्येक सहलीत घाटाचा एक तास ठेव. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे आपल्या लोकांनी हाताने करून बघायला हवं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम वरंध्यासारख्या अरुंद घाटात जीव वाचवतो, तरी पाळणारे थोडे.

अपघात दिसल्यावर थांबायचं की नाही, याचीही भीती लोकांच्या मनात घर करून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. सभासदांना हे कलम वाचून दाखव, आणि १०८ ला फोन करताना ठिकाण कसं सांगायचं याचा सराव करून घे. जखमी माणूस क्लबचा सभासद आहे का, हा प्रश्न तिथे कुणाच्या मनातही येता कामा नये.

महापालिकेच्या पथ विभागाला किंवा वाहतूक पोलिसांना पत्र लिहिशील तेव्हा नुसतं 'रस्ता खराब आहे' लिहू नकोस. कोणता चौक, कोणती लेन, किती वाजता, फोटो, आणि पादचाऱ्यांना तिथे काय होतं तेही. आपण गाडीवाले असलो तरी गाडी लावल्यावर तोच रस्ता पायी ओलांडतो.

जुनी वही आणि क्रेनवाल्यांची यादी माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा, आणि येताना जून ते सप्टेंबर रात्रीचा फोन कोण कोण उचलणार, त्यांची नावं ठरवून आण.

तुझा,
काका