हेगचं कोर्ट आहे ना, मग आमच्या खलाशाला का नाही सोडवत?

प्रश्न : सर, आम्ही डहाणू तालुक्यातले. माझा धाकटा दीर दरवर्षी गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. बोट पाकिस्तानच्या लोकांनी धरली, दीड वर्ष झालं, तो कराचीच्या जेलमध्ये आहे. मालक म्हणतो सुटेल, सुटेल. टीव्हीवर आंतरराष्ट्रीय कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा असं सारखं चाललेलं असतं, कुलभूषण जाधवांसाठी सरकार हेगला गेलं तसं आमच्या माणसासाठी का जात नाही? का गरिबाला हा कायदा लागूच होत नाही?

उत्तर : ताई, लागू होतो, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पण असो) तुमच्या दिरासाठी कायद्यात जे लिहिलंय ते जाधवांच्या केसपेक्षाही स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांचा 1982 चा समुद्र कायद्याचा करार आहे, भारत आणि पाकिस्तान दोघांनीही तो मान्य केलाय. त्याचं कलम 73 म्हणतं की किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पुढे 200 सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात परक्या बोटीने मासेमारीचा नियम मोडला तर दंड करा, पण दोन देशांत तसं वेगळं ठरलेलं नसेल तर जेलची शिक्षा देता येत नाही. आणि बोट पकडलीच तर योग्य जामीन घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडायची.

मग दीड वर्ष कसं? पहिली पळवाट अशी की नुसता मासेमारीचा गुन्हा लावत नाहीत, परवानगीशिवाय देशात घुसल्याचंही कलम लावतात, मग ते म्हणतात ही मासेमारीची शिक्षाच नाही. दुसरं म्हणजे सर क्रीकचा, म्हणजे कच्छ आणि सिंधच्या मधल्या खाडीचा, वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे समुद्रात दोघांना मान्य अशी रेघच नाही, तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणणार आम्ही आपल्याच पाण्यात होतो, ते म्हणणार आमच्यात होता, आणि बोटीवरचा जीपीएस तर बोटीबरोबरच जप्त झालेला, आता सिद्ध कोण करणार आणि कशावरून? आणि खरं सांगायचं तर आपणही त्यांच्या मच्छीमारांना धरतो, गुजरातच्या जेलमध्ये तेही असेच बसलेले असतात. दोन्हीकडे माणसं अडकलेली असली की कोर्टात जाण्यापेक्षा अदलाबदल सोपी वाटते, आणि ती कधी करायची ते दिल्ली-इस्लामाबादचं त्या महिन्यात कसं चाललंय त्यावर ठरतं. मला हे पटत नाही, पण चालतं असंच.

कोर्ट नाही असंही नाही. जामीन देऊनही बोट सोडत नसतील तर जर्मनीत हॅम्बुर्गला समुद्र कायद्याचं न्यायाधिकरण आहे, करारातल्या कलम 292 प्रमाणे तिथे दाद मागता येते. पण मागायची कोणी, तर ज्या देशाची बोट त्या देशाने. तुम्ही नाही, मालक नाही, मच्छीमार सोसायटी पण नाही. सरकारने अर्ज केला किंवा आपल्या वतीने करायचा अधिकार दिला तरच दार उघडतं.

जाधवांना पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावली होती, त्यांच्या केसमध्ये सरकारने अर्ज केला, पण तो हॅम्बुर्गला नाही, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, मे 2017 मध्ये. भारत-पाकिस्तान दोघांनी व्हिएन्ना कराराच्या जोडपत्रावर आधीच सही केलेली होती की पकडलेल्या माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू देण्यावरून वाद झाला तर हेगचं कोर्ट ऐकेल, म्हणून केस उभी तरी राहिली. नाहीतर 1999 ला आपण पाकिस्तानचं विमान पाडलं तेव्हा पाकिस्तान हेगला गेला होता आणि कॉमनवेल्थ देशांशी असलेले वाद तिथे चालणार नाहीत ही आपलीच जुनी अट पुढे करून आपण ती केस बाहेर काढली. म्हणजे सोयीचं असेल तेव्हा कोर्ट, नसेल तेव्हा अट, यात आपणही मागे नाही.

आणि जाधवांना मिळालं काय ते पण बघा. 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 असा निकाल आला, वकिलातीला भेटू न देऊन पाकिस्तानने करार मोडला, शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी नाही. पण सोडा ही भारताची मागणी कोर्टाने मान्य केली नाही. डिसेंबर 2017 मध्ये आई आणि बायको भेटायला गेल्या तेव्हा मध्ये काच होती, मंगळसूत्र-टिकली काढायला लावली आणि आईला मराठीत बोलू दिलं नाही असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. हेगच्या निकालाने जीव वाचला, ही लहान गोष्ट नाही. घरी मात्र माणूस आला नाही.

तुमच्या कामाचा कागद वेगळाच आहे, कोणी टीव्हीवर त्याचं नाव घेत नाही. 21 मे 2008 चा दोन देशांमधला करार. दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोघांनी कैद्यांच्या याद्या द्यायच्या, पकडल्यापासून तीन महिन्यांत वकिलातीला भेटू द्यायचं, शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पक्कं झालं की एका महिन्यात परत पाठवायचं. हे पण दोन्हीकडून पाळलं जात नाही म्हणा, पण जी माणसं वाघा सीमेवरून परत आली ती मुख्यतः याच रस्त्याने.

यात तुमच्या हातात फक्त राष्ट्रीयत्वाचं कलम आहे. तिकडे त्याने सांगितलेलं नाव-गाव इकडे तपासायला येतं, आणि तिथे "लक्ष्या" आणि आधारवर "लक्ष्मण" असेल, किंवा गावाऐवजी पाड्याचं नाव सांगितलं असेल, तर कागद फिरत बसतो. तेव्हा आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो, बोटीच्या मालकाकडून खलाश्यांच्या यादीची प्रत, सगळं एकत्र करून पोलीस ठाण्यात आणि कलेक्टर ऑफिसात द्या, पोच घ्या, आणि घरात त्याला ज्या नावाने हाक मारता ते पण अर्जात लिहा.