खाते माझे आहे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सेवाकक्षात रुजू होऊन जेमतेम महिना झाला असताना, चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या एका ग्राहकाची खुर्ची तू आपण होऊन रांगेच्या पुढे ढकललीस, ते गृहस्थ सर्वांदेखत तुझ्यावर संतापले आणि काम तसेच टाकून निघून गेले, हे वाचले. 'माझा हेतू तर चांगलाच होता, मग माझे चुकले काय?' असे तू विचारले आहेस. तुझ्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण या कामात तीस वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की अपंग ग्राहकाला उर्मटपणाचा होतो त्याहून अधिक त्रास घाईघाईच्या दयेचा होतो. उर्मट माणसाची निदान तक्रार करता येते. दया करणाऱ्याची तक्रार केली की तक्रार करणाराच कृतघ्न ठरतो.

त्या खुर्चीचे आधी सांगते. खुर्ची वापरणाऱ्याला ती फर्निचर वाटत नाही, आपल्या शरीराचाच भाग वाटते. एखाद्या अनोळखी माणसाने मागून येऊन तुला खांद्याला धरून चार पावले पुढे नेले, तर तुला जे वाटेल तेच त्यांना वाटले असणार. शिवाय यात धोकाही असतो, कारण हात चाकाच्या कडेवर असताना मागून धक्का बसला तर बोटे अडकतात आणि पुढे उंबरा असला तर माणूस तोंडावर पडतो. खुर्चीच्या पाठीला रेलून उभे राहणे, तिच्या हँडलला पिशवी अडकवणे, हेही त्याच जातीचे. आणखी एक गैरसमज येथेच निपटून टाकू. खुर्ची वापरणाऱ्या प्रत्येकाला चालता येतच नाही असे नसते. कित्येकांना थोडे अंतर चालता येते, पण दम लागत असल्यामुळे, वेदनेमुळे किंवा तोल जात असल्यामुळे ते खुर्ची वापरतात. असा माणूस अर्ज घेण्यासाठी उठून उभा राहिला की मागून 'सोंग आहे' अशी कुजबुज होते. ती तुझ्या तोंडून कधीही होता कामा नये.

आता माझी चूक ऐक, म्हणजे तुझी तुला एवढी मोठी वाटणार नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या खिडकीवर एक अंध गृहस्थ आले. सोबत त्यांची मुलगी होती. कागद त्यांच्या हातात होता, नाव त्यांचे होते, आणि मी मात्र खिडकीतून वाकून त्या मुलीला विचारले, 'यांना काय हवे आहे?' मुलगी गोंधळून वडिलांकडे पाहू लागली. गृहस्थांनी आवाज अजिबात न चढवता उत्तर दिले, 'ती नऊ वर्षांची आहे. खाते माझे आहे.' मला काय बोलावे ते सुचले नाही. मी घाईने 'इथे सही करा' असे म्हटले, आणि 'इथे' म्हणजे कुठे हे त्यांना कळण्याचा काहीच मार्ग नाही, हे मला त्यांचा हात कागदावर चाचपडू लागला तेव्हा उमगले. शेवटी त्यांनीच खिशातून एक जाड कार्ड काढले, त्याची कड सहीच्या ओळीवर ठेवण्यास मला सांगितले आणि त्या कडेला बोट लावून नेटकी सही केली. ती युक्ती मी पुढे आयुष्यभर वापरली.

सोबत्याशी बोलून मूळ ग्राहकाला वगळण्याची ही खोड आपल्या व्यवसायात सर्वत्र आहे, आणि मराठीत ती व्याकरणातूनही डोकावते. पन्नाशीच्या सद्गृहस्थांना आपण सहज 'तुम्ही' म्हणतो. पण त्यांच्या हातात कुबडी असली, त्यांचे बोलणे अडखळते असले किंवा त्यांना बौद्धिक अक्षमता असली, की 'तुम्ही'चे नकळत 'तू' होते, स्वर लहान मुलाशी बोलल्यासारखा होतो आणि 'बस हं बाळा' इथवर मजल जाते. स्वतःच्या कानांनी स्वतःला ऐकत जा. वयाने प्रौढ असलेल्या माणसाशी प्रौढासारखेच बोलायचे. वाक्ये सोपी व आटोपशीर करावी लागली तर जरूर करावीत, पण अहोजाहो सोडू नये.

अंधत्वाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की अंध म्हणजे डोळ्यांपुढे पूर्ण काळोख. प्रत्यक्षात अंध म्हणून नोंद असलेल्या बहुसंख्य लोकांना थोडीफार दृष्टी असते: कुणाला केवळ उजेड-अंधार कळतो, कुणाला नळीतून पाहावे तसे फक्त मधले दिसते, तर कुणाला मधले सोडून कडेचे दिसते. म्हणूनच पांढरी काठी घेऊन आलेला माणूस मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचत असेल तर त्यात लबाडी नाही. अनेक देशांत पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असतील तर त्या व्यक्तीला ऐकूही येत नाही अशी ती खूण असते, हेही लक्षात ठेव. सर्व अंधांना ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी, येते, असेही नाही. लुई ब्रेलने आपली लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती आजही फार मोलाची आहे. पण उतारवयात दृष्टी गेलेल्यांपैकी अनेकजण ती शिकत नाहीत आणि मोबाइलमधल्या वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतात. म्हणून ग्राहकाला फॉर्म पाठवताना कागदाचा फोटो काढून पाठवू नकोस. त्या सॉफ्टवेअरला अक्षरे हवी असतात आणि साध्या फोटोपुढे ते अनेकदा अडते.

सोबत चालायचे झाल्यास आधी आपले नाव सांग, मग 'माझा हात धरता का?' असे विचार आणि कोपर पुढे कर. त्यांनी तुला धरायचे, तू त्यांना नव्हे. तू अर्धे पाऊल पुढे असलास की तुझ्या हालचालीवरून त्यांना वळण आणि पायरी आपोआप कळते. पायरी आली की चढायची की उतरायची ते बोलून सांगावे. 'इकडे', 'तिकडे', 'ते बघा तिथे' हे शब्द बिनकामाचे आहेत. 'उजव्या हाताला तीन पावलांवर' हे कामाचे. खुर्ची दाखवायची तर त्यांचा हात विचारून खुर्चीच्या पाठीवर ठेवावा, बाकीचे ते पाहून घेतात. (होय, 'पाहून घेतात' असेच म्हणते, अंध माणसे स्वतः 'काल बातम्या पाहिल्या' असे बोलतात, तेव्हा असल्या शब्दांनी तू दचकू नकोस.) पैसे देताना प्रत्येक नोट किती रुपयांची ते सांगत हातात ठेवावी. आणि जागेवरून उठताना 'मी दोन मिनिटांत येते' एवढे सांगायला विसरू नये, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. हे मी घडताना पाहिले आहे आणि पाहणारे हसत होते.

कर्णबधिर ग्राहकांच्या बाबतीत गोंधळ वेगळाच असतो. 'मूकबधिर' या जोडशब्दानेच आपले डोके बिघडवून ठेवले आहे. ऐकू न येणाऱ्या बहुतेकांच्या स्वरयंत्रात काहीही दोष नसतो आणि अनेकजण बोलतातही. ओठ पाहून त्यांना सगळे समजते, हा त्याच्या उलट टोकाचा भ्रम. आरशासमोर उभा राहून आवाज न करता 'पान', 'भान' आणि 'मान' म्हणून बघ. तिन्ही शब्दांना ओठ तस्सेच हलतात. 'क' आणि 'ग' तर घशाजवळच तयार होतात, ते ओठांवर दिसणार तरी कसे? म्हणून ओठ वाचणारा माणूस अर्धेअधिक संदर्भावरून जुळवत असतो. तुझा चेहरा उजेडात असावा, तोंडापुढे हात किंवा कागद नसावा, आणि एखादे वाक्य समजले नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो. शिवाय श्रवणयंत्र तुझ्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि शेजारच्या खिडकीवरचे भांडणही मोठे करून देते.

खुणांची भाषा जगभर एकच आहे असेही समजू नकोस. जगात ३०० हून अधिक सांकेतिक भाषा आहेत. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही ठिकाणी इंग्रजी बोलतात, पण तिथल्या सांकेतिक भाषा परस्परांहून निराळ्या आहेत, आणि अमेरिकेतल्या भाषेचे नाते फ्रान्समधल्या सांकेतिक भाषेशी आहे. ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांच्यासाठी लिखित मजकूर ही दुसरी भाषा ठरते. त्यामुळे चिठ्ठी लिहिताना कार्यालयीन शब्दांचा डोंगर करू नये. दुभाषी सोबत असेल तर नजर ग्राहकाकडे ठेवावी. तुमच्या कक्षात नाव पुकारून बोलावत असतील, तर त्या आवाजाची वाट पाहत एखादा कर्णबधिर ग्राहक संध्याकाळपर्यंत बसून राहील, याचा विचार तुझ्या वरिष्ठांनी केला आहे का, ते एकदा विचार.

अडखळत किंवा अस्पष्ट बोलणाऱ्या ग्राहकासमोर तुझी खरी परीक्षा आहे. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर गेला. पुढे ते संगणकाद्वारे बोलत आणि अखेरच्या काळात गालाच्या एका स्नायूच्या हालचालीने शब्द निवडत. एका वाक्याला कितीतरी वेळ लागे, आणि विद्वानांच्या सभा तेवढा वेळ शांत बसत. प्रसिद्ध नसलेल्या माणसाला मात्र आपण तीस सेकंदही देत नाही, त्याचे वाक्य आपणच पुरे करतो आणि बहुधा चुकीचे पुरे करतो. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या दोषाने स्नायूंवर नीट ताबा राहत नसल्यामुळे, ज्यांची जीभ जड वळते त्यांना दारू प्यायलेले समजून बाहेर काढल्याचे प्रकार घडतात. त्यांच्यातल्या अनेकांची बुद्धी तुझ्यामाझ्याइतकीच असते. समजले नाही तर समजल्याचे नाटक करू नये. जेवढे कळले तेवढे परत म्हणून दाखवावे आणि राहिलेले पुन्हा विचारावे. यात अपमान नाही. मान हलवून चुकीचा अर्ज पुढे पाठवण्यात आहे.

न दिसणाऱ्या अपंगत्वाविषयी थोडक्यात लिहिते. अपस्मार (फिट येणे), स्वमग्नता (ऑटिझम), मानसिक आजार, सतत दुखणारे सांधे यांपैकी काहीही चेहऱ्यावर लिहिलेले नसते. कुणी बसायला जागा मागितली, थोड्या शांत खोलीत बोलू का म्हणाले, तर 'तुम्हाला काय झाले आहे?' हा प्रश्न आपल्या अधिकारातला नाही. 'मी काय करू म्हणजे सोयीचे होईल?' एवढे पुरते. कौतुकाचाही अतिरेक नको: 'तुम्ही एकटे आलात, कमाल आहे!' हे वाक्य पाणीबिल भरायला आलेल्या माणसाला ऐकवू नये.

तू लिहिले आहेस की असे ग्राहक क्वचितच येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातली सुमारे १६ टक्के माणसे, म्हणजे १३० कोटी, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. सहामागे एक झाला. ते तुमच्याकडे दिसत नसतील तर दारातच काही अडत असेल. उताराची वाट आहे, पण तिच्यावर खोकी रचलेली आहेत. सोयीचे स्वच्छतागृह आहे, पण त्यात झाडू आणि जुनी कपाटे आहेत. खिडकी इतकी उंच आहे की खुर्चीवरच्या माणसाला तुझे फक्त कपाळ दिसते. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला. त्याच्या प्रस्तावनेत अपंगत्वाची उत्पत्ती शरीरातल्या उणिवेपुरती मर्यादित मानलेली नाही. ती उणीव आणि भोवतालचे, तसेच माणसांच्या वृत्तीतले अडथळे यांच्या गाठीभेटीतून अपंगत्व निर्माण होते, असे म्हटले आहे. वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच, असेही तो करार सांगतो. तेव्हा जास्तीची पाच मिनिटे देताना उपकार केल्याचा चेहरा करू नये.

ते गृहस्थ पुन्हा येतील, कारण त्यांचे काम अर्धवट राहिले आहे. आले की 'त्या दिवशी न विचारता तुमच्या खुर्चीला हात लावला, चुकलो', एवढेच म्हण. हेतूचे स्पष्टीकरण देऊ नकोस. ते ऐकून घेण्याचे ओझे पुन्हा त्यांच्यावरच पडते. त्यांचा अर्ज आधीच काढून ठेव, काम लांबणार असेल तर स्वतः खुर्ची घेऊन त्यांच्या नजरेच्या पातळीवर बस, आणि रांगेबद्दल त्यांना काय हवे ते विचार. पुढे जायचे नाही, नंबर येईल तेव्हा येतो, असे ते म्हणाले तर त्यांना रांगेत थांबू दे.

तुझी,
एक जुनी सहकारी